पत्र टिकते दुसऱ्याच्या फाइलीत

१९७४ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या एका मुलीने सूचनाफलकावर टेल्को या टाटांच्या कंपनीची जाहिरात वाचली. तरुण, हुशार, कष्टाळू इंजिनियर हवे होते. खाली एक ओळ होती: स्त्रियांनी अर्ज करू नये. मुलगी चिडली आणि तिने एक पोस्टकार्ड लिहिले. तक्रार करायची तर थेट वरच्या माणसाकडे, या हिशेबाने त्यावर जे. आर. डी. टाटांचे नाव घातले आणि कार्ड पेटीत टाकले. थोड्याच दिवसांत तार आली: पुण्याला मुलाखतीला या, जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी तिच्या हातात प्रत्येकी तीस रुपये ठेवले, फुकटात पुण्याला चाललीच आहेस तर आमच्यासाठी साड्या आण म्हणून. पिंपरीच्या कचेरीत मुलाखत घेणारे सहाजण बसले होते आणि ‘जेआरडींना पत्र लिहिणारी ती हीच’ अशी कुजबुज तिच्या कानावर पडली. मुलगी होती सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती. टेल्कोच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर काम करणारी ती पहिली स्त्री इंजिनियर ठरली.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण सुधा मूर्तींनी स्वतः ती लिहिली. मला त्यात रस आहे तो त्या कार्डापुरता. ना अर्जाचा नमुना, ना संदर्भ क्रमांक, ना सोबत प्रमाणपत्रांच्या नकला. एका विद्यार्थिनीचा राग, एवढाच मजकूर. घरी आले असते तर असे कार्ड दिवाळीच्या साफसफाईत गेले असते. पण ते गेले कचेरीत, आणि कचेरीत आलेला कागद कुणाच्या तरी टेबलावर पोचतो, त्यावर शेरा पडतो, तो पुढे सरकतो. पत्राला पाय फुटतात ते तिथे.

खासगी पत्राला स्वतःच्या बळावर फार आयुष्य नसते. लिहिणारा ते पाठवून मोकळा होतो, मिळणारा वाचून उत्तर देतो, आणि त्याच्या पाठीमागची पिढी ‘हे काय जपून ठेवलंय’ म्हणते. म्हणून शंभर-दोनशे वर्षे टिकलेले खासगी पत्र पाहिले की मी आधी एकच प्रश्न विचारतो: हे कशाला चिकटून टिकले? जमिनीला, खटल्याला, पोलिसांच्या तपासाला, की कॉलेजच्या प्रवेशाला? बहुतेक वेळा उत्तर सापडते. ते शोधायला पिंपरी-चिंचवड-चाकण हा पट्टा मोठा सोयीचा आहे. आज तिथे गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनतात, पण कागदाच्या बाबतीत हा मुलूख जुना आहे.

अभिलेखागार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी फायलींच्या भिंती येतात. ते खरेही आहे. मात्र बहुतेक अभिलेखागारांच्या एका कोपऱ्यात लघुसंग्रह असतात. एखाद्या घरातून आलेला पत्रांचा गठ्ठा, एखाद्या आजोबांची डायरी, कुणाचे लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेले हिशेब. स्वतंत्र खोली देण्याइतके ते मोठे नसते आणि टाकून द्यावे इतके क्षुल्लकही नसते. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अध्ययन केंद्राने १९६०च्या दशकात हिंदुस्थानातून परतलेल्या इंग्रज कुटुंबांकडून असे कागद गोळा करायला घेतले. कुणी पेटीभर दिले, कुणी चार-सहा पत्रेच दिली. ही चार-सहा पत्रेवाली मंडळी तिथे एकेका सामाईक खोक्यात शेजारी शेजारी नांदतात, आणि साहेबाच्या बायकोने माहेरी लिहिलेल्या पत्रात जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये न आलेले बरेच काही सापडते: स्वयंपाक्याचा पगार, मुलाचा ताप, पावसाळ्यात बुरशी धरलेली पुस्तके.

आपल्याकडे खोक्याच्या जागी रुमाल. इथला रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचे जाड कापड. त्यात पुडकी, पुडक्यात कागद. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. आज तिथे पंधरा लाखांहून अधिक कागद आहेत, त्यांतले बहुसंख्य मोडी, आणि ते आले घराघरांतून. राजवाडे गावोगाव हिंडत, वाड्यांच्या माळ्यांवर चढत, आणि मालक कागद दाखवायला कचरत. मालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. दोन पिढ्यांपूर्वीच सरकारने कागद मागितले होते आणि त्यापायी कित्येकांची वतने गेली होती. आता हा धोतर नेसलेला गृहस्थ फुकटात इतिहास लिहायला कागद मागतो यावर विश्वास कोण ठेवणार? तरीही १८९८ साली राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पानिपताआधीच्या दहा वर्षांतली पत्रे छापून लोकांसमोर आली.

अशा संग्रहात एक नियम कसोशीने पाळायचा असतो. कागद ज्या घरातून आले त्या घराच्या नावाने एकत्र ठेवायचे, आणि आत ज्या क्रमाने सापडले तो क्रम शक्यतो मोडायचा नाही. नवख्या माणसाला वाटते, विषयवार लावू: लग्नाची पत्रे इकडे, कर्जाची तिकडे. असे केले की संपले. लग्नाच्या आमंत्रणाखाली कर्जरोखा होता, म्हणून तर कळते की हे लग्न कर्ज काढून झाले.

आता चिंचवडला येऊ. मोरया गोसावींपासून चाललेली देव घराण्याची गादी ही पेशवाईतली मोठी प्रतिष्ठेची जागा. घराण्यातल्या कर्त्या पुरुषाला गणपतीचा अंश मानत. कॅप्टन एडवर्ड मूर हा इंग्रज अधिकारी १८०० च्या सुमारास चिंचवडला जाऊन आला आणि वंशपरंपरेने चालत आलेल्या या जिवंत देवाबद्दल त्याने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये निबंध लिहिला. १८१० मध्ये मूळ वंशाची सरळ शाखा खुंटली. संस्थानाकडे इनाम गावे होती, आणि जिथे इनाम तिथे भाऊबंदकी, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने या घराण्यावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९८९ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाले. गादीवरचा पुरुष, त्याच्या बाजूच्या शाखा आणि पुण्यातले सरकार, आधी पेशव्यांचे आणि मग कंपनीचे, यांच्यातली अनेक पिढ्यांची ओढाताण त्यात मांडली आहे. एवढे तपशील मिळाले कुठून? वादांमुळे. भाऊ भावाशी गोडीगुलाबीने राहिला असता तर कागद उरला नसता. भांडण सरकारदरबारी गेले, म्हणून घरातली गाऱ्हाणी दफ्तरात शिरली.

चाकणची गोष्ट याहून जुनी. आज चाकण म्हटले की कारखाने आणि ट्रकच्या रांगा आठवतात. इतिहासाची आवड असणाऱ्याला १६६० चा शायिस्ताखानाचा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा. पण चाकणचे ब्रह्मे हे घराणेही शिवकालीन कागदांमध्ये भेटते. सिद्धेश्वरभट ब्रह्मे यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले १६५३ चे पत्र अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. भटजींनी महाराजांसाठी अनुष्ठान केले, त्याची जाण ठेवून त्यांना वर्षासन दिल्याचे ते पत्र. महाराज तेव्हा पंचविशीच्याही आत होते. तरुण राजाची कृतज्ञता हा त्यातला माणुसकीचा भाग झाला, आणि तो आपल्याला वाचायला मिळतो याचे श्रेय वर्षासनाला द्यावे लागेल. केवळ आभाराचे पत्र असते तर ब्रह्म्यांच्या वंशजांनी ते साडेतीनशे वर्षे सांभाळले असते का, मला शंका आहे. दर वर्षी पैसे मिळण्याचा पुरावा मात्र कुणी टाकत नाही.

इंग्रजांनी हे चक्र आणखी जोरात फिरवले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पेशव्यांचे दफ्तर त्यांच्या हाती आले. सारा किती, इनाम कुणाचे, हे त्यांना त्यातून काढायचे होते. मात्र हिशेबांच्या रुमालांबरोबर पेशव्यांची घरगुती पत्रेही आली. मग १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि दक्षिणेतल्या इनामदाराला आपला हक्क कागदाने सिद्ध करून दाखवावा लागला. सनद असेल तर सनद, नसेल तर जुने कोणतेही पत्र, ज्यात गावाचा नुसता उल्लेख आहे असेही. आजोबांच्या खुशालीच्या पत्रात ‘गावचा वसूल आला’ एवढी ओळ असली की ते पत्र अचानक मौल्यवान झाले. हे सगळे ज्या कचेरीत साठले ते एलिएनेशन ऑफिस, त्याची दगडी इमारत १८९१ ची, तेच आजचे पुणे पुराभिलेखागार. पेशवे दफ्तराचे रुमाल पस्तीस हजारांच्या घरात जातात. बरीच वर्षे ते अभ्यासकांना बंद होते. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले आणि त्यांतल्या एका खंडाचा विषयच मुळी शाहू आणि पेशवे यांचे खासगी आयुष्य हा आहे. राज्य गेले म्हणून राज्यकर्त्यांची घरगुती पत्रे शाबूत राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

असे एखादे पत्र प्रत्यक्ष हातात आले तर त्यात काय पाहायचे? सगळ्यात आधी अडवते ती मोडी. आधी डावीकडून उजवीकडे पूर्ण रेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता खाली अक्षरे लोंबवायची, अशी ती लिपी. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ की ‘दीन’, हे मजकुरावरून ठरवायचे. सवय झाली की अक्षरापेक्षा हात ओळखू येतो. पत्राचा बराचसा भाग कारकुनाच्या वळणदार, कंटाळलेल्या हातात असतो, आणि शेवटी कधी कधी दोन-तीन ओळी वेगळ्या, घाईच्या, वेड्यावाकड्या येतात. ते खासदस्तूर, म्हणजे धन्याचे स्वतःचे अक्षर. खरे पत्र पुष्कळदा तेवढेच असते. नाजूक मजकूर असला की तो निराळ्या पुरवणीत लिहून आत घालत, म्हणजे मुख्य पत्र चारचौघांत वाचले तरी चालेल. पुरवणी हरवली की पत्र मुके होते. संग्रहातली पत्रे क्रमाने ठेवायचा आग्रह धरतात तो यासाठीही.

मग मायना. वडिलांना तीर्थरूप, वडीलधाऱ्या परक्याला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, शास्त्रीबुवांना वेदशास्त्रसंपन्न, विधवा स्त्रीला गंगाभागीरथी. पुढे साष्टांग नमस्कार की आशीर्वाद, शेवटी ‘हे विनंति’ की ‘हे आशीर्वाद’. वाचक हे सगळे ओलांडून मजकुराकडे धावतो आणि फसतो. पत्रावर सही नसली, नाव फाटले असले, तरी मायना सांगतो की लिहिणारा वयाने थोर की लहान, नात्यातला की बाहेरचा. दोन भावांचे बिनसले की आधी मायना आटतो. भांडणाचा विषय चार पत्रांनंतर येतो.

तारीख हा वेगळाच छळ. खासगी पत्रात तिथी असते, वार असतो, कधी ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, आणि वर्ष नसते. घरच्या माणसाला वर्ष कशाला सांगायचे? सरकारी कागदात ते असते, पण शुहूर सनात, आणि तेही आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतर ६००. जानेवारीतले पत्र असेल तर हा सन १७६१ झाला, पानिपताचा. बिनवर्षाच्या पत्रासाठी मात्र गुप्तहेराचे काम करावे लागते: कुणाचे बारसे झाले, कोणता ग्रहण-योग आला, आंबे महाग की स्वस्त. एक मदत मात्र मिळते. व्यवस्थित कचेरीत आलेल्या पत्रावर पैवस्तीचा शेरा मारत, म्हणजे ते कधी पोचले त्याची नोंद. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख जुळवली की जासूद किती दिवसांत आला ते कळते, आणि पावसाळ्यात नद्या भरल्या की बातमी किती शिळी होई तेही.

कागदाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे काळाने उलटा न्याय केला आहे. चाकणहून नारायणगावमार्गे पुढे गेले की जुन्नर. जुन्नरी कागद एकेकाळी नावाजलेला होता आणि पुण्यातल्या कागदीपुऱ्यात कागदी मंडळी तो धंदा करत. चिंध्या आणि तागाच्या लगद्यापासून हाताने केलेला, खळ देऊन घोटलेला तो कागद. त्यावरची शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो उजेडाने फिकट होत नाही, हवेने गंजत नाही. पाणी आणि वाळवी हे त्याचे दोन शत्रू, तेवढे टाळले की अडीचशे वर्षांपूर्वीचे पत्र काल लिहिल्यासारखे काळेभोर दिसते. त्याच्याशेजारी १९७५ चे आंतर्देशीय ठेवा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातच आम्ल, घड्या घातलेल्या ठिकाणी तो पिवळा पडून तुटतो. बॉलपेनची शाई पसरते किंवा उडते. पेशव्यांच्या कारकुनाचे पत्र आजही वाचता येते आणि माझ्या पिढीच्या बापांची पत्रे हातात मोडतात.

चिंचवडचेच चापेकर घ्या. त्यांचा वाडा आज स्मारक म्हणून पाहता येतो. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर हरि चापेकर यांना फाशी झाली आणि पुढच्या वर्षी बाळकृष्ण आणि वासुदेव यांनाही. दामोदरपंतांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. ते पत्र म्हणता येणार नाही, पण एका माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःबद्दल लिहिलेला तो कागद आहे आणि त्याचा प्रवास बोधक आहे. घरच्यांकडे तो राहिला असता तर झडतीच्या भीतीने चुलीत गेला असता. त्या काळी पुण्यातल्या किती घरांत कागद जाळले गेले असतील कुणास ठाऊक. तो राहिला सरकारकडे. पोलिसांना त्यात पुरावा दिसत होता, कट कुठवर पोचतो ते पाहायचे होते, म्हणून त्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, नोंदवले, ठेवून दिले. ज्यांनी फाशी दिली त्यांच्याच कपाटात तो सुखरूप राहिला. १९७४ साली, म्हणजे जेआरडींना ते पोस्टकार्ड गेले त्याच वर्षी, वि. गो. खोबरेकर यांनी संपादित केलेले हे आत्मवृत्त मराठीत पुस्तकरूपाने आले. एवढे मात्र लक्षात ठेवायचे की तुरुंगात बसून, पहारेकऱ्यांच्या देखत लिहिलेला मजकूर हा आईला लिहिलेल्या पत्रासारखा वाचता येत नाही. कागद ज्याच्या फाइलीत राहतो त्याची सावली मजकुरावर पडतेच.

बायकांच्या पत्रांची गत निराळी. त्यांच्या नावे जमीन नव्हती, खटले क्वचित होते, आणि निरोप बहुतेक तोंडी जात. गोपिकाबाईंची पत्रे आपल्याकडे आहेत. नाशिकजवळ गंगापूरला राहून नातवाने, सवाई माधवरावाने, सकाळपासून रात्रीपर्यंत कसे वागावे हे त्यांनी कळवले होते. आजीचा धाक आणि राजकारणाची जाण दोन्ही त्यात एकत्र आहेत. पण त्या पेशव्यांच्या घरच्या, म्हणून दफ्तरात शिरल्या. साध्या घरातली बाई कुठल्या फाइलीत शिरणार?

एक शिरली, आणि कुठल्या कुठे. पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे अमेरिकेत जाणेच एका पत्रापासून सुरू झाले. त्यांचे पती गोपाळराव यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना वाचले आणि ओळख ना पाळख असलेल्या त्या मुलीला उत्तर लिहिले. वर्षानुवर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई रोझेलला पोचल्या आणि २८ जूनला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचे पत्र लिहिले. अठरा वर्षांच्या मुलीने मांडलेले ते म्हणणे: शिक्षण किती झाले, पैसे नाहीत, आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून आले, आणि आले ती देशातल्या बायकांना पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटते म्हणून. ते अस्सल पत्र आज फिलाडेल्फियातच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आहे. अर्ज म्हणून ते फाइलीला लागले आणि कॉलेज नावे बदलत गेले तरी फाइल हलली नाही.

याच आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंना मनमोकळेपणाने लिहिलेली पत्रे दुसऱ्या वाटेने आपल्यापर्यंत आली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी बोस्टनहून त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, ते या पत्रांच्या आधाराने. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले, त्यातही पत्रे आहेत. पण छापताना कुणीतरी निवडते, काहीतरी गाळते, भाषा सरळ करते. अर्जात आनंदीबाई संपूर्ण आहेत पण सावध आहेत; चरित्रांतल्या पत्रांत मोकळ्या आहेत पण कातरलेल्या. अभ्यासकाला दोन्ही समोर ठेवून मधली बाई शोधावी लागते.

आणि आता जे कुठल्याच फाइलीत नाहीत ते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. त्याआधीच फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांची वसाहत तिथे झाली होती. साठीच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. २००० नंतर चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र. या पन्नास-साठ वर्षांत सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि नंतर पार बिहार-ओडिशापासून माणसे इथे आली, आणि निदान १९९०पर्यंत त्यांचा घराशी संबंध टपालावर चालला. आंतर्देशीय पत्र १९५० पासूनचे. तीन घड्या, आत पानभर जागा आणि शेवटी जागा संपली म्हणून कडेने उभ्या लिहिलेल्या ओळी. मनिऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर निरोपापुरती जागा असे. ‘पैसे पाठवले आहेत, बैलाचे बघा, आईला दवाखान्यात न्या’ एवढे त्यात मावे. घेणाऱ्याकडे तो तुकडा राहायचा. ही मंडळी कारखान्यात ज्या कागदांवर आहेत ते हजेरीपट, पगारपत्रके, युनियनची निवेदने, अपघाताच्या नोंदी. त्यांत माणसाचे नाव आणि टोकन नंबर मिळतो. घर सोडून आल्यावर पहिल्या महिन्यात खोलीत किती जण झोपत आणि मेसचे जेवण कसे लागले, हे ज्यात आहे ते गावाकडच्या फळीवर, ट्रंकेत, नाहीतर कधीच रद्दीत.

कंपन्यांची स्वतःची अभिलेखागारे असतात. टाटा समूहाने १९९१ मध्ये आपले सुरू केले आणि पुढे ते पुण्यात आणले. जेआरडींच्या निवडक पत्रांचे पुस्तकही २००४ मध्ये निघाले. पण इथेही तीच मेख आहे. मोठ्या माणसाचे पत्र दोन्हीकडे उरते, ज्याला गेले त्याच्याकडे मूळ आणि कचेरीत कार्बन प्रत. फिटरने भावाला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत कोण ठेवणार? अभिलेखांविषयीचा १९९३ चा कायदा सरकारी कागदांपुरता आहे. खासगी पत्र कुणी आणून दिले तरच ते संस्थेत येते.

तेव्हा ट्रंक सापडलीच तर थोड्या गोष्टी माहीत असाव्यात. पत्रे ज्या क्रमाने बांधली आहेत तो क्रम मोडू नये, निदान आधी फोटो काढावेत. पाकीट फेकू नये. तारीख नसलेल्या पत्राचे वर्ष टपालाच्या शिक्क्यावर मिळते. लॅमिनेशन करू नये आणि सेलोटेप लावू नये: प्लॅस्टिकमधून कागद परत निघत नाही आणि टेपचा चिकटा डाग धरतो. दुरुस्ती करणारे तज्ज्ञ पातळ जपानी टिश्यू आणि पिठाची खळ वापरतात, कारण ती पुन्हा पाण्याने सोडवता येते. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या हलक्या हाताने काढाव्यात. पत्रातला बाळू कोण आणि ‘मळ्यातली काकू’ कोण, हे सांगणारे माणूस घरात हयात असेल तर त्याच्याजवळ बसून वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. पत्रावर काही लिहू नये. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग चालतात, तेव्हा पणजोबांचा गठ्ठा निघाला तर तोही वाचता येण्यासारखा आहे.

संस्थेला द्यायचे ठरले तर कायद्याचा एक बारकावा पाहावा. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणजे मामाने आईला लिहिलेली पत्रे तुम्ही संग्रहाला देऊ शकता. ती छापायची झाली तर मामाच्या मुलांना विचारायला हवे. देणगीपत्रात अटीही घालता येतात: अमुक वर्षे कुणाला दाखवू नये, नावे झाकून वापरावीत, मूळ घरी ठेवून फक्त स्कॅन घ्यावे. कर्ज, आजारपण, मोडलेली लग्ने, भावांमधले अबोले यांनी भरलेली पत्रे देताना लोक अडखळतात ते साहजिक आहे, आणि शहाणी संस्था अशा अटी आनंदाने मान्य करते. वीस-तीस वर्षे बंद राहिलेल्या गठ्ठ्याला कपाटात जागा तेवढीच लागते.